वेटिंग किती आणि चार्ट कधी?

प्रति,
सांगली-मिरज आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे मा. प्राचार्य, प्रवेश समित्यांचे समन्वयक आणि कार्यालयातली सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीची बहुतेक वर्षं मिरज जंक्शनच्या आरक्षण खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. आमच्या पदाला ईसीआरसी म्हणत, म्हणजे चौकशी आणि आरक्षण लिपिक. चौकशी हा शब्द आधी आहे, तो उगाच नाही. काचेपलीकडून दिवसभर एकच प्रश्न यायचा, "साहेब, वेटिंग किती आहे? होईल का?" महालक्ष्मीने मुंबईला जाणारा असो की गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला, माणसाला तिकिटाआधी ह्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. तेव्हा प्रतीक्षा यादी ह्या प्रकाराबद्दल मला थोडंफार कळतं, असं म्हणायला हरकत नसावी. शिक्षणातलं मात्र फार कळत नाही, तरी तुमच्याकडच्या विषयांच्या वेटिंगबद्दल हे पत्र लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आमची नात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला लागली. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलीला तिथे अजून शिकायचंय आणि कुणा एकाची तक्रार करायला हे पत्र लिहायला घेतलेलंही नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने मुलांच्या गाडीला बरेच डबे जोडलेत. मुख्य विषय, त्याच्या जोडीला गौण विषय, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, आणि दुसऱ्या विद्याशाखेतला एक खुला विषय. ह्या शेवटच्याला मुलं नुसतं 'ओई' म्हणतात, ओपन इलेक्टिव्हचं ओई. आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजांनी 2023-24 ला आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांनी 2024-25 ला ही नवी पद्धत घेतली. पहिल्या दोन वर्षांत मिळून ह्या ओईची दहा ते बारा क्रेडिटं (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) भरावी लागतात. दोन क्रेडिटांचा थिअरीचा विषय म्हणजे तीस तास. कॉमर्सच्या मुलीने कॉमर्सबाहेरचं काहीतरी शिकावं, ही कल्पना मला मनापासून आवडली. आमच्या वेळी असं काही असतं तर मी संगीताला बसलो असतो आणि तिथल्या गुरुजींना लवकर निवृत्ती घ्यावी लागली असती.

नातीला मोडी लिपी हवी होती. आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात माझ्या आजोबांच्या वेळची मोडीतली खरेदीखतं आणि सावकाराच्या चिठ्ठ्या आहेत. घरात कुणालाही त्या वाचता येत नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत त्या उन्हाला दाखवायच्या आणि परत बांधून ठेवायच्या, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. शिवाय 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत हुडकावी लागली होती. ते तिने पेपरात वाचलं होतं. म्हणजे घरचं कारण होतं आणि पोटापाण्याचंही.

मग काय झालं, ते सांगतो. एका रात्री नऊ-सव्वानऊला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक आली. 'ओईची निवड करा, प्रथम येणाऱ्यास प्राधान्य.' नात तेव्हा आईला भाकऱ्या करू लागत होती. हात धुऊन फोन घेईपर्यंत वीसेक मिनिटं गेली असतील. मोडीच्या साठ जागा भरल्या होत्या. फॉर्म सबमिट केल्यावर पडद्यावर एक ओळ आली, 'आपले नाव प्रतीक्षा यादीत घेतले आहे.' बस्स. नंबर नाही, यादी कुठे लागणार ते नाही, कधीपर्यंत थांबायचं तेही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात विचारलं. उत्तर मिळालं, "बघू, कुणी सोडलं तर कळवू." हे वाक्य मी चांगलं ओळखतो. खिडकीत बसून मीही ते कैक वेळा म्हटलंय, विशेषतः जेवायच्या सुट्टीला पाच मिनिटं उरलेली असताना. त्याचा खरा अर्थ "मला माहीत नाही आणि मी बघणारही नाही" असा होतो. पण माझ्या वाक्यामागे निदान एक यंत्र होतं. मी बघितलं नाही तरी ते बघत होतं.

दोन आठवडे तिने वाट पाहिली. मग ग्रुपवर सूचना आली की ज्यांचा ओई ठरलेला नाही त्यांनी जिथे जागा आहेत तिथे नाव नोंदवावं, नाहीतर परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही. जागा उरल्या होत्या मशरूम लागवडीत. तिने तो घेतला. वाईट विषय नाही. आता आमच्याकडे जेवताना गव्हाचं काड किती तास भिजत घालायचं, बेड कसा भरायचा, यावर व्याख्यान होतं. पण ट्रंक माळ्यावरच आहे.

सप्टेंबरात तिच्या शिष्यवृत्तीच्या कागदासाठी मी स्वतः कॉलेजात गेलो. क्लार्क जेवायला गेले होते, म्हणून वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत होतो. एका वर्गात फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढलेली दिसली आणि सर त्या रेघेखाली अक्षरं टांगत चालले होते. मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग हात न उचलता लिहीत जातात, हे मला तेव्हा कळलं. खिडकीशी उभा राहून बघत बसलो. आणि सवयीने डोकी मोजली. टीसीने डबा मोजावा तशी. एक्केचाळीस.

तास सुटल्यावर सरांना गाठलं. म्हटलं, साठची बॅच ना ही? सर भले माणूस. म्हणाले, "यादी साठचीच आहे हो. त्यातली अकरा जण केव्हाच गेली. सायन्सची मुलं, कुणी फार्मसीला, कुणी इंजिनिअरिंगला. बाकीची आपली येतात-न येतात." मी विचारलं, मग ह्या अकरा जागांवर वेटिंगवाली का नाही घेतली? ते म्हणाले, "मला वेटिंगची यादी कुणी दिलीच नाही."

जेवून आलेल्या क्लार्कना मी विनंती केली. त्यांनी बिचाऱ्यांनी कॉम्प्युटरवर तो फॉर्मचा तक्ता उघडला, वेळेनुसार लावला आणि एकसष्टपासून मोजत खाली आले. नातीचं नाव सातवं निघालं.

वेटिंग सात. सुटलेल्या जागा अकरा. माझ्या सगळ्या नोकरीत असं तिकीट मी घरी पाठवलेलं नाही.

रागावलो का? थोडा. पण घरी चालत येताना विचार केला, की ह्यात कुणी लबाडी केलेली नाही. जागा सुटल्याची बातमी एका टेबलावर होती आणि वाट बघणाऱ्यांची यादी दुसऱ्या टेबलावर. मुलगा प्रवेश रद्द करतो तेव्हा तो प्रवेश विभागात जातो, मूळ कागद मागतो, दाखला घेतो, फी परत मागतो. त्याचं नाव हजेरीपटावरून कमी होतं, पण कोणत्या हजेरीपटावरून? मुख्य वर्गाच्या. ओईची यादी दुसऱ्याच विभागाने केलेली असते, तिथपर्यंत ही बातमी पोचतच नाही. रेल्वेत तिकीट रद्द झालं की तीच नोंद वेटिंगच्या पहिल्या माणसाला वर सरकवते. तुमच्याकडे मधली कडी नाही. डबे दोन्ही चांगले आहेत, कपलिंग तेवढं राहिलंय.

आणि जागा सुटणार, हे काही आक्रीत नव्हे. ते दरवर्षी होतं आणि ठरलेल्या महिन्यांत होतं. बारावीचा निकाल लागला की मुलं हाताशी असावी म्हणून बी.एस्सी.ची जागा धरून ठेवतात. चूक नाही त्यांची, मीही मुलाला तेच सांगितलं होतं. मग सीईटीच्या, म्हणजे फार्मसी-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या, फेऱ्या चालू होतात, पहिली, दुसरी, तिसरी, आणि प्रत्येक फेरीनंतर थोडी मुलं उठून जातात. हे ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतं. त्यात फी अडकायची भीतीही आता कमी झाली आहे. 2024-25 साठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सांगितलं होतं की 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्यायची आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत फार तर हजार रुपये कापायचे. पालक म्हणून मला हे पटतं. पण त्याचा अर्थ असा की सायन्सच्या मुलांनी भरलेल्या कुठल्याही ओईच्या यादीत जुलैतला आकडा खरा नसतो. तो आकडा हलता असतो. तुम्ही तो जुलैत गोठवता आणि सप्टेंबरात रिकामी बाकं शिकवता.

माझ्या भाच्याची मुलगी अमेरिकेत एका विद्यापीठात शिकते. तिला फोनवर विचारलं, तुमच्याकडे वर्ग भरला तर काय करतात गं? तिने जे सांगितलं ते ऐकून मला आमच्या खात्याची आठवण झाली. तिच्याकडे नोंदणी चालू झाली की प्रत्येक वर्गापुढे तीन आकडे दिसतात: जागा किती, भरल्या किती, वेटिंगवर किती. वेटिंगची यादीसुद्धा अमर्याद नसते, तिलाही कमाल संख्या असते, म्हणजे नव्वदाव्या नंबरला कुणी खोट्या आशेवर राहत नाही. यादीत नाव टाकलं की आपला नंबर दिसतो आणि तो रोज बघता येतो. कुणी विषय सोडला की यंत्र पहिल्या नंबराला घेतं. पण घेण्याआधी तपासतं: हिने आधीचा आवश्यक विषय केलाय का, ह्याच वेळेला हिचा दुसरा तास आहे का, हिची क्रेडिटांची मर्यादा ओलांडते का. ह्यातलं काही आडवं आलं तर तिला वगळून पुढच्याला जागा जाते. त्यामुळे नंबर एकला असूनही जागा हुकते, आणि बऱ्याच मुलांना ते उशिरा कळतं, असं ती म्हणाली. तिचं स्वतःचं एकदा तसं झालं होतं, अर्ध्या तासाच्या वेळेच्या भांडणात.

काही विद्यापीठांत आपोआप घेत नाहीत, ईमेल येतो. चोवीस तासांत होय म्हणा, नाहीतर जागा पुढच्याला. मला आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच. तिथे असं सांगून ठेवता येतं की मला हा विषय मिळाला तरच माझा हातातला तो विषय काढा. तोपर्यंत हातातला सुटत नाही. म्हणजे नातीने मशरूम घेऊन ठेवलं असतं, मोडीचा नंबर लागला असता तर मशरूमची जागा आपोआप मोकळी झाली असती आणि तिथल्या वेटिंगवाल्याला मिळाली असती. एक माणूस सरकला की मागे चार सरकतात. रेल्वेची 'विकल्प' योजना थोडी ह्याच वळणाची आहे, ह्या गाडीत नाही झालं तर त्या गाडीत बघा म्हणून आधीच सांगून ठेवायचं.

हे सगळं परदेशातलं, तिथे पैसा आहे, असं कुणी म्हणेल. मग आपल्याच राज्यातलं बघा. इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीत, मुलगा मिळालेली जागा पक्की करतो, म्हणजे फ्रीझ करतो, किंवा ती हातात ठेवून बेटरमेंटला थांबतो. वरचा पसंतीक्रम लागला तर खालची जागा आपोआप सुटते. ही पद्धत आपल्या पोरांना पाठ आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलं मला फ्रीझ आणि बेटरमेंटमधला फरक चहा पिता पिता समजावून सांगतात. मग साठ जागांच्या एका ओईसाठी ते जमत नाही, हे मला खरं वाटत नाही. त्याला मोठं सॉफ्टवेअरही लागत नाही. तो गूगल फॉर्मचाच तक्ता, त्यात नंबराचा एक रकाना, आणि आठवड्यातून एकदा प्रवेश विभागाच्या टेबलावरून 'ह्या आठवड्यात गेलेली मुलं' अशी एक चिठ्ठी. आम्ही कॉम्प्युटर यायच्या आधी रजिस्टरवर हे करत होतो, लाल आणि निळ्या शाईत. निळ्यातला गेला की लाल वर.

आता आकड्याबद्दल. काही प्राध्यापक मित्र म्हणाले, नंबर जाहीर केला तर पालक येऊन भांडतात, म्हणून देत नाहीत. मला उलटा अनुभव आहे. ज्याला नंबर माहीत असतो तो भांडत नाही, तो हिशेब करतो. तिकिटावर वेटिंग 42 आणि आज 18, असे दोन आकडे दिसले की माणसाला कळतं, आठ दिवसांत चोवीस सरकले, अजून चार दिवस आहेत, थांबू या. किंवा कळतं की नाही होत, एसटीचं बघू. सांगलीकरांना हे मी सांगायला नको. पावसाळ्यात आयर्विन पुलाखालचं पाणी किती फूट झालं, हे दर तासाला आपण विचारतो. चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 2019 ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, त्या आधीच्या दिवसांत लोकांनी ह्या आकड्यावरच ठरवलं की गॅसची टाकी कधी वर न्यायची आणि म्हातारीला मामाकडे कधी पोचवायचं. आकडा वाईट होता, पण होता. आकडाच नसता तर काय झालं असतं, ते आठवून बघा.

प्रथम येणाऱ्यास प्राधान्य, ह्याबद्दलही माझं भांडण आहे. ते वरवर न्यायाचं दिसतं. मी तात्काळची गर्दी बघितली आहे, सकाळी दहाला एसी आणि अकराला स्लीपर. तिथे पहिला येतो तो गरजवंतच असतो असं नाही. ज्याचं नेट चांगलं आणि ज्याला ठरलेल्या मिनिटाला मोकळं बसता येतं, तो असतो. रात्री नवाला लिंक टाकली की शहरातल्या, स्वतःचा फोन असलेल्या मुलाचा नंबर आधी. जतच्या, आटपाडीच्या वाडीवरच्या मुलीला रेंज सकाळी येते, आणि तिच्या घरात फोन एकच, तोही भावाच्या खिशात. फॉर्म तीन दिवस उघडा ठेवा, तीन पसंत्या मागा, आणि अर्ज जास्त आले तर सोडत काढा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातल्या, पंचवीस टक्के शाळाप्रवेशांची सोडत आपण दरवर्षी बघतोच. बारावीच्या गुणांवर लावा असं काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. जिला गुण कमी पडले तिलाच दुसऱ्या शाखेतलं काहीतरी गवसण्याची गरज जास्त असते. पण गुणांवर लावायचं ठरवलंत तरी ठरवा, आणि आधी सांगा.

एक कबुलीही देऊन टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा साधू बनून पत्र लिहितोय. आमच्याकडेही चिठ्ठ्या चालायच्या. वरिष्ठांचा कोटा असतो, आपत्कालीन म्हणून, आणि त्यात आजाऱ्यापेक्षा साहेबांचे मेहुणे जास्त प्रवास करायचे. मीसुद्धा दोन-चार वेळा नको त्याचं नाव पुढे सरकवलंय. तो अपराध माझ्याकडे जमा आहे. पण तिथे नंबर होता, म्हणून पाच नंबरवाल्याला कळायचं की आपल्याला डावलून कुणीतरी गेलं. तो येऊन काचेवर हात मारायचा आणि मला त्याच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही. नंबरच नसेल तर काचेवर हात मारायलाही कुणी येत नाही. नातीच्या वर्गात कुजबुज होती की एकीला नंतर मोडीत घेतलं. खरं-खोटं मला माहीत नाही आणि मी ते शोधणारही नाही. पण यादी भिंतीवर लागलेली असती तर कुजबुज झालीच नसती.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर निम्मी कॉलेजं चालली आहेत. ज्या सरांना मी वऱ्हांड्यात गाठलं त्यांना पुढच्या वर्षी घेतील की नाही, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. साठाच्या जागी एकशेवीस घ्या, असं मी म्हणत नाही. गाडीला डबा वाढवायचा अधिकार खिडकीवाल्याकडे नसतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी डबा मागत नाही. आहे त्या डब्यातली सुटलेली सीट कुणाला द्यायची, तेवढं विचारतो.

त्यातही एक छोटी सोय करता येईल. रेल्वेत आरएसी असतं. बाजूचा खालचा बर्थ, त्यावर दोघं बसून निघतात, आणि वाटेत एखादा बर्थ सुटला की एकाला आडवं व्हायला मिळतं. वेटिंगच्या पहिल्या दहा जणांना पहिल्या तासापासून वर्गात बसू द्या. बाकावर तिघांऐवजी चौघं बसतील, महिनाभराने सैल होईलच. नाहीतर होतं काय, की जागा सुटते सप्टेंबरात आणि तोवर तीसपैकी बारा तास होऊन गेलेले असतात. मग सरही म्हणणार, आता कशाला. बरोबरच आहे त्यांचं. रेघ कशी ओढायची इथपासून कुणाकुणाला परत सांगणार? भाचीनातही म्हणाली, तिच्याकडे वेटिंगवरची मुलं पहिल्या दिवसापासून वर्गात येऊन बसतात. आणि काही वर्गांत पहिल्याच तासाला न आलेल्याची जागा दुसऱ्याला देतात. हे दुसरं आपल्याकडे लगेच नको, एसटी चुकते, पंचमी असते, पण पंधरा दिवस न फिरकलेल्याला एक फोन करून विचारायला काय हरकत आहे?

आणि चार्ट, म्हणजे कुणाला जागा मिळाली त्याची शेवटची यादी. ही माझी मुख्य मागणी, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. वेटिंगला शेवटचा दिवस असावा लागतो. आमच्या वेळी गाडी सुटायच्या चार तास आधी चार्ट लागायचा, 2025 पासून तो त्याहून बराच आधी लावतात, ते चांगलं केलं. चार्ट लागला की हो किंवा नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट पूर्ण वेटिंगचं असेल तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत जातात. 'नाही' हे उत्तर कुणाला आवडत नाही, पण त्यावर माणूस उठून दुसऱ्या कामाला लागतो. तुमच्या यादीला चार्टच नाही. नातीला आजतागायत कुणी कळवलेलं नाही की तिचं मोडीचं वेटिंग रद्द झालं. तांत्रिकदृष्ट्या ती अजून सातव्या नंबरवर असावी.

तारीख कळली की 'नाही' मिळालेल्या मुलाला दुसरी वाटही धरता येते. स्वयम् ह्या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर जुलैत आणि जानेवारीत असे दोनदा अभ्यासक्रम सुरू होतात, आणि एका सत्रातल्या विषयांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंतची क्रेडिटं तिथून आणायला यूजीसीच्या 2021 च्या नियमांनी वाट ठेवली आहे. कॉलेजने तो विषय मान्य करायला हवा, हे खरं. पण मुलाला ऑगस्टअखेर कळलं की मोडी नाही, तर जुलैची गाडी बहुधा सुटत आलेली असते. वेळेत नाही म्हणणं हीसुद्धा सेवा आहे, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवायचे. तेव्हा मला हसू आलं होतं.

कायद्याची भाषा काढायला मला आवडत नाही. तरी एक नोंद करतो. विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी यूजीसीने 2023 साली नियम केले आहेत. त्यांत प्रवेश सुरू व्हायच्या साठ दिवस आधी माहितीपुस्तक जाहीर करायचं, त्यात जागा किती ते लिहायचं, असं आहे. तक्रार आली तर समितीने शक्यतो पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि वर लोकपाल आहे. नातीला मी तक्रार करू दिली नाही. साध्या चौकशीत मिटणाऱ्या गोष्टीला समिती कशाला? पण पुढच्या प्रत्येक आजोबाला रिकामा वेळ असेल आणि क्लार्क तक्ता उघडून दाखवतील, असं नाही.

ह्या वर्षीच्या फॉर्मच्या लिंका आता येतील. तुमच्या सूचनाफलकाच्या काचेत एक पान मावेल एवढी जागा असतेच. त्यावर विषय, एकूण जागा, वेटिंगमधली नावं क्रमाने, आणि खाली एक तारीख, एवढं लावा. दर सोमवारी खोडून नवं लावा. हे करायला माणूस नसेल तर मला बोलवा. सांगलीत शंभर फुटी रोडला राहतो, सायकल आहे, सोमवार मोकळा असतो. मानधन नको, चहा चालेल. लाल आणि निळं पेन मी घरून आणीन.

नात आता दुसऱ्या वर्षाला गेली. तिसऱ्या सत्रातही ओई आहे. परवा तिने विचारलं, "आबा, परत मोडी भरू का, की जे मिळेल ते घेऊ?" मी तिला म्हटलं, थांब दोन दिवस, मी जरा वेटिंग बघून सांगतो.

आपला,
एक निवृत्त आरक्षण लिपिक,
सांगली